भाऊजी म्हणतात, पृथ्वीचे फोटो खोटे आहेत

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. आमचं एकत्र कुटुंब. धाकटे दीर बी.एस्सी. ॲग्री झालेले, शेती तेच बघतात आणि जीव लावून बघतात. गेल्या खरिपात आमचं सोयाबीन कितीतरी दिवस पाण्यात उभं होतं. विम्यासाठी भाऊजींनी खूप खेटे घातले. शेवटी त्यांना फोनवर उत्तर मिळालं, "उपग्रहात तुमचं पीक हिरवं दिसतंय." तेव्हापासून उपग्रह म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. मग मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागले. आता म्हणतात की पृथ्वीचे आणि चंद्राचे अवकाशातून काढलेले सगळे फोटो कॉम्प्युटरवर बनवलेले असतात. "वहिनी, लेकरांना काय बी शिकवायलात तुम्ही," असं मला सगळ्यांसमोर म्हणाले.

संक्रांतीनंतर शेतात हुरडा होता, पाहुणे आले होते. तिथं विषय निघाला. त्यांनी मोबाईलवर फोटो दाखवले. एकात दोन ठिकाणचे ढग हुबेहूब सारखे. एकात अमेरिका एवढीशी, दुसऱ्यात अर्धी पृथ्वी व्यापलेली. चंद्राच्या कडेला हिरवी रेघ. एकाही फोटोत चांदण्या नाहीत. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही आणि रागाच्या भरात मी म्हणाले, "शिकून अडाणीच राहिलात तुम्ही." तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढलं की मुकाट्याने जेवतात. सासरे म्हणतात, चूक तुझी आहे. गंमत म्हणजे चांद्रयान उतरलं तेव्हा याच भाऊजींनी गावात पेढे वाटले होते. त्याचं विचारलं तर म्हणतात, ते आपलं आहे, ते खरं.

माझा मुलगा सातवीत आहे, माझ्याच शाळेत. परवा तो वर्गात उभा राहून म्हणाला, "काका म्हणतात हे फोटो खोटे आहेत." मुलं हसली आणि मी त्याला गप्प बसवलं. भाऊजींना कसं पटवून देऊ? की हा विषयच सोडून देऊ?

एक शिक्षिका, घनसावंगी तालुका


उत्तर

ताई,

तुमच्या घरात दोन भांडणं एकमेकांत गुंतली आहेत. एक सोयाबीनचं आणि एक चंद्राचं. सोयाबीनचं सुटल्याशिवाय चंद्राचं सुटणार नाही, असं मला वाटतं. तरी आधी फोटोंबद्दल लिहिते, कारण हुरड्याच्या दिवशी तुमच्याजवळ उत्तरं नव्हती आणि त्याची बोच पत्रभर जाणवते.

भाऊजींना जे दिसलं ते खरंच तिथं आहे. ढग सारखे आहेत, हिरवी कड आहे, चांदण्या नाहीत, अमेरिका लहानमोठी होते. त्यांनी फोटो बारकाईने पाहिले. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलाने इतकं बारकाईने पाहिलं असतं, तर तुम्ही त्याची पाठ थोपटली असती. तेव्हा पहिली गोष्ट ही की त्यांचं निरीक्षण नाकारू नका. नाकारलंत की तुम्ही हरलात, कारण तो फोटो त्यांच्या मोबाईलमध्ये आहे.

आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या. तो ३० सेंटीमीटर व्यासाचा आहे असं धरू. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर. म्हणजे या गोलाच्या मापाने एक सेंटीमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. या मापात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक गोलापासून जेमतेम एक सेंटीमीटर वर फिरतं. नासाचा 'टेरा' हा उपग्रह जमिनीपासून सुमारे ७०० किलोमीटरवर, म्हणजे गोलापासून पावणेदोन सेंटीमीटरवर. तिथं डोळा नेऊन बघा. सगळा गोल दिसणं शक्यच नाही. भारत आणि आजूबाजूचा समुद्र दिसेल, त्यापलीकडे गोल खाली वळतो.

टेरावरचा कॅमेरा २,३३० किलोमीटर रुंदीची पट्टी टिपत जातो. आपल्या गोलावर ती साडेपाच सेंटीमीटरची फीत झाली. अशा फिती जोडून, कित्येक दिवसांच्या चित्रांतून ढग नसलेले तुकडे वेचून, नासाच्या लोकांनी २००२ साली 'ब्लू मार्बल' नावाचं चित्र तयार केलं. जमीन, समुद्र, ढग असे थर एकावर एक चढवले आणि ढगांमध्ये जिथं जागा रिकामी राहिली तिथं दुसरीकडचे ढग पुन्हा वापरले. भाऊजींना दिसलेले सारखे ढग ते हेच. हे चित्र जोडून तयार केलंय हे करणाऱ्यांनी तेव्हाच जाहीर केलं होतं. पुढे ते पहिल्या आयफोनच्या पडद्यावर आलं, जगभर पसरलं आणि जोडकामाची माहिती मागे राहून नुसतं चित्र पुढे गेलं. आपल्या शाळांच्या भिंतींवरही अशी चित्रं 'पृथ्वीचा फोटो' म्हणून लागलेली असतात. माझ्या मते तक्ते छापणाऱ्यांनी खाली एक ओळ लिहायला हवी होती. तेवढ्यापुरते भाऊजी बरोबर आहेत आणि तुम्ही त्यांना तसं स्पष्ट सांगा.

अमेरिका लहानमोठी का होते, हे कळायलाही तोच गोल पुरे. मोबाईल गोलाच्या अगदी जवळ नेऊन फोटो काढा, मग चार पावलं मागे येऊन झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत समोरचा खंड सगळी थाळी व्यापतो, कारण कडेचा बराच भाग दिसण्याच्या पलीकडे गेलेला असतो. लांबून काढलेल्या फोटोत जवळजवळ अर्धा गोल मावतो आणि तोच खंड लहान दिसतो. २०१२ साली निघालेल्या ज्या चित्रात उत्तर अमेरिका अवाढव्य दिसते, ते चित्रही फिती जोडून केलेलं आहे आणि जवळून बघितल्यासारखं मांडलेलं आहे. हे मुलांना करायला द्या. गोल तोच, मोबाईल तोच, आणि आफ्रिका दोन आकारांची. पाच मिनिटांत होईल.

मग एका क्लिकमध्ये काढलेला अख्ख्या पृथ्वीचा फोटो आहे की नाही? आहे, आणि तो या व्हिडिओंहून कितीतरी जुना आहे. ७ डिसेंबर १९७२ ला अपोलो १७ चे अंतराळवीर चंद्राकडे निघाले असताना सुमारे २९ हजार किलोमीटरवरून त्यांनी तो साध्या फिल्मवर काढला. आपल्या मापात गोलापासून सत्तर सेंटीमीटर. साल बघा. तुमचे सासरे आजही ज्याला 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, तेच हे साल. मराठवाड्यात माणसं खडी फोडत होती आणि त्याच डिसेंबरात तमिळनाडूला चक्रीवादळाने झोडपलं होतं. ते वादळ त्या फोटोत उजवीकडे वरच्या कडेला दिसतं. मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वरच्या बाजूला होता, छापताना तो फिरवला. हेही भाऊजींना आधीच सांगून टाका, नाहीतर उद्या एखादा व्हिडिओ सांगेल आणि तुम्ही लपवलंत असं त्यांना वाटेल.

एकेचाळीस वर्षांनी असंच पुन्हा घडलं. आपलं मंगळयान पृथ्वीभोवती घिरट्या घालत होतं, तेव्हा १९ नोव्हेंबर २०१३ ला त्याच्या कॅमेऱ्याने सुमारे ६८ हजार किलोमीटरवरून पृथ्वी टिपली. आपल्या गोलापासून एक मीटर साठ सेंटीमीटर. त्यात भारत दिसतो आणि बंगालच्या उपसागरात 'हेलन' चक्रीवादळाचे ढगही दिसतात. तीन दिवसांनी ते वादळ आंध्रच्या किनाऱ्याला धडकलं. त्या वादळात तिथल्या शेतकऱ्यांचं भात झोपलं, त्यांना कोणाचा व्हिडिओ बघून खात्री करायची गरज नव्हती.

चंद्राच्या हिरव्या कडेवर मात्र मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हा मुद्दा मला फार आवडतो. तो फोटो १६ जुलै २०१५ चा. अमेरिकेचा 'डिस्कव्हर' हा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला आहे. त्याच्या कॅमेऱ्यापुढून चंद्र पृथ्वीवर सरकत गेला, त्याची ही चित्रमालिका. आता शाळेच्या पटांगणात या. गोल एका टोकाला ठेवा. चंद्राचा व्यास ३,४७४ किलोमीटर, म्हणजे आपल्या मापात आठ सेंटीमीटर. तुमच्याकडची चांगली मोठी मोसंबी चालेल. ती गोलापासून नऊ मीटरवर एका मुलाच्या हातात द्या. आणि कॅमेरा? तो गोलापासून पस्तीस मीटरवर, पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून बघितलं की मोसंबी गोलाच्या पुढून जाताना दिसते आणि गोलाच्या एक चतुर्थांशाऐवजी एक तृतीयांशाहून जरा मोठीच भासते, कारण ती आपल्याला जवळ आहे. फोटोत चंद्र तितकाच दिसतो. मुलांना फूटपट्टी लावून मोजू द्या.

हा कॅमेरा रंगीत फोटो एका दमात काढत नाही. तो काळीपांढरी चित्रं काढतो, समोर एकेक गाळणी धरून. एक तांबड्या प्रकाशाची, एक हिरव्या, एक निळ्या. तिन्हींच्या मध्ये साधारण अर्धा-अर्धा मिनिट जातो. पृथ्वी तेवढ्यात फारशी हललेली दिसत नाही, पण चंद्र सरकतो. तिन्ही चित्रं एकावर एक बसवली की चंद्राची कड नेमकी जुळत नाही आणि हिरवट रेघ उरते. खोटं चित्र रंगवणाऱ्याने ही रेघ पुसली असती. ती राहिली, कारण चंद्र खरंच चालत होता.

त्याच फोटोत अजून एक गोष्ट आहे. आपल्याला पौर्णिमेला चंद्रावर जे काळे डाग दिसतात, ते त्यात जवळजवळ नाहीत. कारण ती चंद्राची पलीकडची बाजू आहे, जी पृथ्वीवरून कधीच दिसत नाही. ती माणसाने पहिल्यांदा पाहिली ती रशियाच्या 'लूना ३' या यानाने ऑक्टोबर १९५९ मध्ये काढलेल्या फोटोंत. रशिया आणि अमेरिका तेव्हा एकमेकांचं पाणी जोखत होते. एकाच्या खोट्याला दुसऱ्याने साथ द्यावी असे ते दिवस नव्हते. तिथले मोजके ठळक डाग दोघांच्या चित्रांत जुळतात.

चांदण्यांचं उत्तर भाऊजींच्याच मोबाईलमध्ये आहे. पौर्णिमेच्या आसपास कॅमेरा प्रो मोडवर टाका आणि चंद्रावरचे डाग स्पष्ट दिसेपर्यंत प्रकाश कमी करत जा. डाग दिसायला लागले की चांदण्या नाहीशा होतात. उजळलेल्या पृथ्वीचा फोटो काढतानाही हेच होतं. उपग्रहांची गर्दी फोटोत का दिसत नाही, असंही कधीतरी ते विचारतील. डिस्कव्हरच्या चित्रातल्या एका ठिपक्यात आठ-दहा किलोमीटरचा प्रदेश मावतो. ट्रकएवढा उपग्रह त्यात कुठून दिसणार?

आता नासाचं खोटं आणि इस्रोचं खरं, याबद्दल. भाऊजींच्या मनात चांद्रयानाचा अभिमान आहे ही चांगली गोष्ट आहे, तिच्यावरून त्यांना टोमणा मारू नका. नुसतं एवढं दाखवा की या दोन संस्थांची चित्रं एकमेकांना बांधलेली आहेत. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चं विक्रम लँडर उतरलं. ते चंद्रावर बसलेलं आपल्या चांद्रयान-२ च्या वरून फिरणाऱ्या कॅमेऱ्याने टिपलं आणि चार दिवसांनी नासाच्या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानानेही टिपलं. तसंच, अपोलो ११ जिथं उतरलं तिथं मागे राहिलेला यानाचा खालचा भाग आपल्या चांद्रयान-२ च्या चित्रात दिसतो. एकाला खोटं म्हटलं तर दुसऱ्याचीही साक्ष काढून घ्यावी लागते.

पण इथंही त्यांच्या संशयाला खाद्य मिळेल असं बरंच काही आपल्याच मोबाईलवर फिरतं. विक्रम उतरताना टीव्हीवर आपण जे लँडर खाली येताना पाहिलं, ते संगणकावर तयार केलेलं दृश्य होतं. यानाकडून येणाऱ्या आकड्यांवरून ते चालत होतं. लँडरने स्वतः काढलेले फोटो नंतर आले. त्याच आठवड्यात चंद्राच्या मातीवर अशोकस्तंभाचा ठसा उमटल्याचं एक चित्र व्हॉट्सॲपवर फिरत होतं. ती एका कलाकाराची कल्पना होती, पण 'पहिला फोटो' म्हणून लोकांनी डोळ्यांत पाणी आणून पुढे पाठवलं. आणि दर दिवाळीला येणारा तो 'अवकाशातून दिसणारी भारताची दिवाळी' हा फोटो! तुमच्या शाळेच्या ग्रुपवरही आला असेल. ते चित्र उपग्रहांच्या खऱ्या मोजमापांवरून केलेलं आहे, पण दिवाळीशी त्याचा काही संबंध नाही. १९९२ पासून २००३ पर्यंत भारतात रात्रीचे दिवे कुठं कसे वाढत गेले, ते वेगवेगळ्या वर्षांना वेगवेगळे रंग देऊन त्यात दाखवलंय. नासाने २०१२ च्या दिवाळीतल्या एका रात्रीचं खरं चित्रही प्रसिद्ध केलं आहे. ते अगदी साधं दिसतं, कारण आपल्या पणत्यांचा आणि आकाशकंदिलांचा जादा उजेड तेवढ्या उंचीवरून वेगळा कळत नाही.

म्हणून ताई, 'अवकाशातले फोटो खरे की खोटे' या वादात तुम्ही शिरूच नका. तो वाद कधी संपत नाही, कारण प्रश्नच सगळ्या फोटोंना एका दावणीला बांधतो. एकेक फोटो घ्या. हा कोणी काढला, किती लांबून, कोणत्या दिवशी, एका क्लिकमध्ये की जोडून, आणि खाली जे लिहिलंय ते या फोटोवरून खरंच सांगता येतं का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दिवाळीच्या चित्रात मोजमाप खरं आणि मथळा खोटा. तुमच्या सोयाबीनचंही असंच झालं असण्याची दाट शक्यता आहे, त्याकडे मी येते.

त्याआधी घरातलं. हुरड्याच्या दिवशीचा तुमचा शब्द चुकला. फोटोंबद्दल तुम्ही बरोबर होतात, तरी पाहुण्यांसमोर, ज्याच्या कष्टावर तो हुरडा उभा होता त्या माणसाला 'अडाणी' म्हणणं फार लागतं. सासऱ्यांना उपग्रहातलं काही कळत नसेल, पण हे त्यांना बरोबर कळलं. तुम्ही वयाने किंवा नात्याने मोठ्या असाल, तरी पुढचं पाऊल तुम्हीच टाका. फोटोंचा विषय न काढता, दोघंच असताना, सरळ सांगा: "भाऊजी, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं." तिथं 'पण' जोडू नका. त्या एका 'पण'ने सगळी माफी वाहून जाते.

मुलाशीही बोलायला हवं. त्याने वर्गात जे विचारलं ते धाडसाचं होतं. काकांवर त्याचा जीव आहे आणि आईवरही, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून त्याने तो प्रश्न बाईंना विचारला. तुम्ही त्याला खाली बसवलंत तेव्हा वर्गातल्या प्रत्येक मुलाला कळलं की हा प्रश्न विचारायचा नसतो. त्यांच्या घरीही हेच व्हिडिओ चालू असतील. उद्या वर्गात त्याच्याच प्रश्नापासून सुरुवात करा आणि गोल-मोसंबीचा खेळ पटांगणात मांडा. मोसंबी त्याच्या हातात द्या. 'काका चूक आहेत' असं वाक्य वर्गात उच्चारू नका. मुलगा ते घरी नेईलच.

आता सोयाबीन. भाऊजींना कोणीतरी फोनवर सांगितलं की उपग्रहात पीक हिरवं दिसतंय आणि त्या एका वाक्याने त्यांचे दिवस-दिवसांचे कष्ट पुसले गेले. माणूस अशा वेळी उपग्रहालाच खोटं ठरवतो, कारण फोनवरच्या माणसाला पकडता येत नाही. मला त्यांचा राग समजतो. पण त्यांनी शस्त्र चुकीचं उचललंय. 'उपग्रह खोटा' म्हणून ते कुठंच जिंकणार नाहीत. 'उपग्रह खरा आहे, त्यात काय दिसतंय ते मला दाखवा' म्हणाले तर त्यांच्या हातात काहीतरी येईल.

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून जातात आणि त्यांची चित्रं 'कोपर्निकस ब्राउझर'वर कोणालाही फुकट बघता येतात. त्यांचा एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे शंभर चौरस मीटर. एक गुंठा १०१ चौरस मीटरचा. तेव्हा एक ठिपका म्हणजे जवळपास एक गुंठा, एकराला चाळीस ठिपके. तीस बाय तीसचं शेततळं असेल तर ते नऊ ठिपक्यांत दिसेल. भाऊजींना आपली विहीर, शेततळं, शेजाऱ्याचा कापूस, गावाकडे जाणारा रस्ता स्वतः ओळखू द्या. स्वतःच्या बांधाइतका पक्का पुरावा कोणत्याही अंतराळवीराला देता येणार नाही. तरी शंका राहिलीच तर लातूरला पाणी देणारं मांजरा धरण काढा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे मराठवाड्यात कोणाला सांगावं लागत नाही. त्या महिन्यातलं धनेगावजवळचं चित्र बघा आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतरचं बघा. कोरडं पात्र आणि मग पाणी, दोन्ही त्या चित्रांत आहे, आणि दोन्हीचे साक्षीदार तुमच्या ओळखीत सापडतील.

आता 'हिरवं'. उपग्रह पानावरून परत येणारा प्रकाश मोजतो. जिवंत पान तांबडा प्रकाश शोषतं आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. त्यावरून हिरवेपणाचा आकडा निघतो. शेंगा भरल्या की कुजल्या, दाण्याला कोंब फुटले का, हे त्या आकड्यात नसतं. पाण्यात उभं राहिलेलं सोयाबीन काही दिवस हिरवं दिसू शकतं. चित्र पुराच्या आधीचं असू शकतं. आणि पीक गेल्यावर रानात माजलेलं तणही हिरवंच असतं, हे बी.एस्सी. ॲग्री झालेल्या माणसाला मी काय सांगावं! तुमच्या भाऊजींचं शिक्षण नेमकं इथं कामाला येणार आहे.

तेव्हा त्यांनी लेखी अर्ज करून विचारावं: तुम्ही पाहिलेलं चित्र कोणत्या तारखेचं, कोणत्या उपग्रहाचं, ठिपका किती मोठा, आणि हिरवेपणावरून उत्पन्न कसं काढलं? सोबत सातबारा, पंचनाम्याची प्रत असेल तर ती, आणि त्या दिवसांत मोबाईलवर काढलेले शेताचे फोटो जोडावेत. पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. पण फोनवरच्या एका वाक्याला कागदावर यावं लागेल.

हे काम तुम्ही दोघं मिळून करा. तुम्हाला इंग्रजी पडदा वाचता येतो, त्यांना रान वाचता येतं. त्यातून चंद्राबद्दल त्यांचं मत बदलेल की नाही, याची घाई करू नका. कधी विषय निघालाच, तर एवढंच विचारा की काय दिसलं तर तुम्हाला पटेल. उत्तर मिळालं तर ते शोधायला लागा. 'काहीच नाही' असं म्हणाले तर त्या दिवशी विषय तिथंच ठेवा आणि चहा टाका.

पाहताना ऑगस्टअखेरचं एखादं स्वच्छ चित्र आधी उघडा, मग ऑक्टोबरचं. सप्टेंबरची बरीच चित्रं ढगांनी पांढरी असतील. त्यासाठी त्याच ठिकाणी सेंटिनेल-१ ची रडार चित्रं आहेत. रडार ढगांच्या आरपार बघतं आणि उघडं साचलेलं पाणी त्यात काळं दिसतं. उभ्या पिकाखालचं पाणी त्यात निसटू शकतं, म्हणून शेताबरोबर शेजारचा ओढा आणि सखल पट्टाही तपासा. ही चित्रं फोटोसारखी दिसणार नाहीत, रंगही ओळखीचे नसतील. भाऊजींना ते आधीच सांगा. आणि सुरुवात करण्यापूर्वी शेताच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून मोबाईलवर तिथली ठिकाणं टिपून घ्या, म्हणजे शेजारचा गट आपला समजून बघितला जाणार नाही.